फोर्ड एफ-१०० (१९८१, ३०० सिक्स): मिशिगनमधील एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरमध्ये मी १९८१ सालचा फोर्ड एफ-१०० ट्रक विकत घेतला. सहा सिलिंडरांचे ३०० घनइंची इंजिन, चार गिअर आणि एकाच बॅरलचा (हवा आत जाण्याच्या नळकांड्याचा) कार्टर वायएफ कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, असा हा ट्रक आहे. या इंजिनाची थोरवी जाणकारांना नव्याने सांगायला नको. १९६५ ते १९९६ अशी एकतीस वर्षे ते बनत राहिले, त्याच्या क्रँकला (मुख्य फिरत्या दांड्याला) सात मेन बेअरिंग आहेत आणि टायमिंगला (झडपांची वेळ साधायला) साखळीऐवजी गिअर आहेत. त्याच्या ताकदीबद्दल किंवा टिकाऊपणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते थंडीतल्या त्याच्या आजाराबद्दल, कारण त्यापायी माझे चारशे डॉलरांहून अधिक खर्च झाले आणि शेवटी गुण आला तो अकरा डॉलरांच्या एका नळीने.

पहिला त्रास नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. सकाळी पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडले की चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळावे म्हणून हवा कमी करणारी पट्टी) बसायचा आणि इंजिन पहिल्याच चावीला सुरू व्हायचे. मैल-दीड मैल सगळे सुरळीत चालायचे. त्यानंतर मात्र ट्रक पिकअप घेईनासा व्हायचा, गचके द्यायचा आणि थांब्याच्या पाटीपाशी पाय काढला की बंद पडायचा. मागे शाळेची बस उभी असताना असे दोनदा झाले. पुन्हा चावी फिरवून उपयोग होत नसे. पण आठ-दहा मिनिटे नुसते थांबले की इंजिन पूर्ववत चालू व्हायचे आणि मग दिवसभर कुरकुर करायचे नाही.

मी ट्रक जवळच्या एका गॅरेजमध्ये नेला. तपासणीचे १३० डॉलर घेऊन त्यांनी सांगितले की आजच्या दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुना कार्बोरेटर टिकत नाही, तो बदलावाच लागेल. मूळ कार्टरची नक्कल असलेल्या नव्या कार्बोरेटरचे १६५ आणि बसवण्याचे ९० डॉलर मी दिले. जुना कार्बोरेटर मी खोक्यात घालून घरी आणला, ही त्या दिवसातली एकच शहाणपणाची गोष्ट. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे कडाक्याच्या थंडीतही ट्रक एकदाही बंद पडला नाही आणि मी ओळखीच्या चार जणांना त्या गॅरेजचे नाव आग्रहाने सांगितले. ती शिफारस मी आता मागे घेतली आहे. नाताळच्या आसपास थंडी कमी झाली, पाऊस लागला, तापमान ४ अंश सेल्सिअसवर आले आणि एकाच सकाळी ट्रक तीनदा बंद पडला. गॅरेजवाल्याने आयडलचा (पेडल न दाबता इंजिन फिरते तो वेग ठरवणारा) स्क्रू थोडा फिरवला आणि जुन्या गाडीत एवढे चालायचेच, असे सांगून पैसे परत करण्यास नकार दिला. ज्या दुखण्यासाठी मी पैसे मोजले ते तसेच असताना हे उत्तर मला पटले नाही आणि अजूनही पटत नाही.

साताऱ्याला वडिलांना फोन केला तेव्हा सहज हा विषय निघाला. त्यांनी वीस वर्षे फियाट चालवली आणि तिचा कार्बोरेटर स्वतः उघडून साफ केला. त्यांनी आधी उपाय सांगितला नाही, प्रश्न विचारले. “अरे, बंद पडते ती किती अंतर गेल्यावर? हवा कोरडी असते की दमट? आणि परत चालू व्हायला किती वेळ लागतो?” पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले, मधल्याचे नाही. “मग आधी वहीत लिहून ठेव,” ते म्हणाले. “नुसते पार्ट बदलून काय होणार?”

मी तारीख, तापमान, हवा आणि गाडी किती वेळा बंद पडली, एवढेच लिहू लागलो. तीन आठवड्यांत जे दिसले ते माझ्या समजुतीच्या अगदी उलट होते. उणे १४ अंशांत, कोरड्या निरभ्र हवेत, एकदाही नाही. उणे ९ लाही नाही. २ अंश आणि धुके असताना एकदा, ५ अंश आणि रिमझिम असताना दोनदा. १२ अंशांच्या वर पुन्हा काही नाही. निव्वळ गारठा हे कारण असते तर उणे १४ ला ट्रक अंगणातून बाहेरही पडला नसता.

याचे कारण असे आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ती भोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे बॅरलच्या आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच खाली जाते. हवा दमट असेल आणि बाहेर शून्य ते दहा अंश असतील तर हवेतली वाफ थ्रॉटलच्या चकतीच्या (पेडल दाबले की उघडणाऱ्या झडपेच्या) कडेला गोठते. हा थर हवेची वाट अडवतो, आणि पेडलवरून पाय काढल्यावर आयडलला जी बारीक फट उरते ती बुजली की इंजिन बंद पडते. कडाक्याच्या कोरड्या थंडीत हवेत गोठण्यासारखी वाफच फारशी नसते. शिवाय थंडीत सुरू होणे सोपे जावे म्हणून हिवाळ्यात येथे विकले जाणारे पेट्रोल जास्त लवकर उडणारे असते, म्हणजे ते बॅरल आणखी गार करते. सहा सिलिंडरांचे सगळे पेट्रोल एकाच बॅरलमधून जात असल्याने माझ्या ट्रकमध्ये हा परिणाम एकाच चकतीवर येऊन पडत होता.

१९ जानेवारीला, ३ अंश आणि दाट धुके असताना, ट्रक बंद पडल्याबरोबर मी तो कडेला घेतला, चावी काढली आणि एअर क्लीनरचे (हवा गाळणाऱ्या डब्याचे) झाकण उघडले. बोटाने चोकची पट्टी उभी करून आत टॉर्च मारला. थ्रॉटलच्या चकतीभोवती पांढरे, खरखरीत कडे जमले होते, फ्रीजरच्या भिंतीवर साचते तसे. मी बघत उभा राहिलो. आधी ते पारदर्शक झाले, मग कडेने सुटून त्याचे थेंब झाले. घड्याळात आठ मिनिटे झाली होती. झाकण बसवून चावी फिरवली आणि ट्रक लगेच चालू झाला. (इंजिन फिरत असताना असे डोकावू नये, उलटा भडका येऊन चेहरा भाजू शकतो.)

फोर्डच्या अभियंत्यांनी यावरचा उपाय १९८१ मध्येच या ट्रकमध्ये बसवून दिला होता, आणि तो कोणीतरी काढून टाकला होता, हे त्याच संध्याकाळी कळले. एअर क्लीनरच्या सोंडेत, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडात, एक झडप असते. इंजिन गार असताना ती बाहेरच्या गार हवेची वाट बंद करते आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या (इंजिनाचा गरम धूर गोळा करणाऱ्या नळावरच्या) पत्र्याच्या कवचातून गरम झालेली हवा आत घेते. कवच आणि सोंड यांना जोडणारी एक लवचीक, चंदेरी, जवळपास कागदासारखी नळी असते. माझ्या ट्रकवर कवच होते, सोंडेच्या खाली भोक होते, मधली नळी नव्हती. झडप इमानाने गार वाट बंद करून त्या उघड्या भोकातून तीच गार, दमट हवा ओढत होती. ही नळी हाताळताना फाटते, आणि प्रदूषण-नियमांचे जंजाळ समजून पुष्कळ लोक ती परत लावत नाहीत. १३० डॉलर तपासणीसाठी घेणाऱ्याला डब्याखालचे हे रिकामे भोक दिसू नये, याचा मला खरोखर खेद वाटतो.

नळी अकरा डॉलरांना मिळाली. झडप इंजिनाच्या ओढीने हलवणाऱ्या बारीक व्हॅक्युम नळीला तडा होता, तीही बदलली. ती नळी तोंडात धरून हवा ओढली की झडप टक्क आवाज करून वर जाते आणि जीभ लावून धरली तर वरच राहते. तशी राहिली तर झडप हलवणारा आतला रबरी पडदा शाबूत आहे असे समजावे. त्यानंतर वहीत ० ते १० अंशांच्या दमट सकाळी सतरा आल्या आणि ट्रक एकदाही बंद पडला नाही.

येथे गॅरेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. नकली कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त जात होते, म्हणून फेब्रुवारीत मी ३२ डॉलरचे किट आणून जुना कार्टर उघडला. त्याच्या अॅक्सिलरेटर पंपाचा (पेडल दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या भागाचा) पडदा चामड्यासारखा कडक झाला होता. पेडल दाबताक्षणी येणारा पहिला गचका त्या पडद्याचा होता, आणि तेवढ्यापुरते गॅरेजवाल्याचे निदान चुकीचे नव्हते. पण पडदा बदलायला नवा कार्बोरेटर लागत नाही. नकली कार्बोरेटरच्या चोकला त्याने थेट बारा व्होल्टची वायर दिली होती. मूळ चोकच्या विजेच्या जोडणीला अल्टरनेटरच्या (इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) स्टेटरवरून साधारण सात व्होल्टच मिळतात. तेथे तपासणीचा दिवा मंद लागला म्हणून वायर खराब समजून बारा व्होल्ट दिले तर चोक वेळेआधी उघडतो आणि इंजिन गारच असताना मिश्रणात पेट्रोल कमी पडते. जुना कार्टर परत बसवताना ही वायर मी पूर्ववत केली.

एग्झॉस्टमधली हीट रायझरची (गरम धूर इनटेककडे, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळाकडे, वळवणारी) झडप मात्र रस्त्यावरच्या मिठाने गंजून उघडीच अडकली आहे, त्यामुळे इनटेकचा तळ तापायला उशीर होतो आणि पहिली दोन मिनिटे अजून चोकच्या जिवावर काढावी लागतात. ती मी दारातच, उघड्यावर काढतो; बंद गॅरेजमध्ये इंजिन तापवत ठेवणे जिवावर बेतते. गॅलनला १४ ते १६ मैल मिळतात. सातव्या महिन्यात मला हा ट्रक विकावासा वाटत नाही. डिसेंबरअखेर मी जाहिरातीचा मजकूर लिहून ठेवला होता.

असा जुना ट्रक बघायला गेलात तर बॉनेट उघडून सोंडेच्या खाली हात घालून पाहा. नळी नसेल तर किमतीतून अकरा डॉलरच कमी करायला सांगा, पण चालवून बघायला दमट सकाळच निवडा.

एप्रिलमध्ये मी वहीच्या पानांचे फोटो वडिलांना पाठवले. त्यांनी ते नीट वाचले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “सगळे ठीक आहे, पण गरम झाल्यावर ती झडप खाली पडते का ते बघितलंस? नाहीतर उन्हाळ्यात गरम हवा जात राहील आणि इंजिन नॉक करेल, म्हणजे आतून ठोकल्यासारखा आवाज करेल.” ते मी पाहिले नव्हते. शनिवारी इंजिन पूर्ण तापवून बघणार आहे आणि जे दिसेल ते येथे लिहीन.