अँटी-कॉलिक बाटली: काही महिने वापरल्यावर

बायकोचं ऑफिस सुरू झालं तेव्हा लेक चार महिन्यांची होती आणि तिच्या दुधाच्या गुळण्या ऐन भरात. पाजलं की माझा खांदा ओला. डॉक्टर म्हणाले, वाटी-चमचा बरा. खरंय, पण पाळणाघरात एवढ्या पोरांत चमच्याने पाजत कोण बसणार? मग आत नळी असलेली ही अँटी-कॉलिक बाटली घेतली (कॉलिक म्हणजे पोट दुखल्यासारखं बाळाचं पाय आखडून रडणं).

नळीमुळे बाहेरची हवा दुधात न मिसळता थेट बाटलीच्या तळाशी जाते. निपल चपटं होत नाही, बाळ हवा कमी गिळतं. एवढं काम चोख. पाय आखडून रडणं बरंच कमी झालं. गुळण्या मात्र होत्या तशाच. अन्ननलिकेच्या खालची झडप या वयात कच्ची असते, तिला बाटली काय करणार? ‘उलट्या बंद’ म्हणून कुणी विकत असेल तर लक्षात ठेवा, १९९२ च्या कायद्याने भारतात दुधाच्या बाटलीची जाहिरातच करता येत नाही.

गुळण्या कमी झाल्या त्या पाजण्याची पद्धत बदलल्यावर. सगळ्यात सावकाश निपल लावलं. बाटली उलटी केली की थेंब पडावेत, धार नको. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी, मध्येच थांबून ढेकर. एका वेळी १२० मिलीऐवजी ८०-९०, पण जास्त वेळा. नंतर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं. बाउन्सरमध्ये, म्हणजे बाळाच्या झुलत्या खुर्चीत, पोट दबतं, म्हणून तो नाही. झोपवायचं सपाट गादीवर, पाठीवरच. सासूबाईंनी हौसेने आणलेली तिरकी उशी डॉक्टरांनी काढायला लावली, श्वास अडकायची भीती असते.

हिरवी उलटी, उलटीत रक्त, दर वेळी जोरात लांब उडणारं दूध किंवा वजन न वाढणं यातलं काही दिसलं तर बाटल्या बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आता कुरकुर. धुवायला सुटे भाग फार, आणि नळीत साय अडकते. नळी आत ठेवून बाटली गरम पाण्यात ठेवली की दूध वर चढतं आणि झाकण उघडताच अंगावर. म्हणून दूध आधी कोमट करायचं, नळी नंतर घालायची. वरच्या रेघेपुढे भरलं तरी गळतं. सुटं निपल सहज मिळतं. नळीचा बारीक ब्रश मात्र आमच्याकडच्या दुकानांत वेगळा मिळाला नाही, तेव्हा तो जपा.