८ महिन्यांनंतर: ४५ रुपयांचा टॉगल स्विच आणि त्याचा रिव्हेट

माझ्या विमानाच्या पॅनेलसाठी इंदूरच्या महाराणी रोडवरून ६ टॉगल स्विच (दांडी वर-खाली करायचे) आणले होते, ४५ रुपयांना एक. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भिया, दस साल हाथ नहीं लगाना पड़ेगा." आठव्या महिन्यात शेडमध्ये इंजिन चालवून बघताना पॅनेलमागून जळका वास आला. लँडिंग लाइटचा स्विच. (विमान अजून उडालेलं नाही, परवानगीचे कागद चालू आहेत, म्हणून हे निवांत लिहितोय.)

आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. स्विचवर छापलंय ६ अँपिअर, २५० व्होल्ट एसी, आणि आपण लावला बॅटरीच्या डीसीवर. घरच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती सोय नाही. वर ५५ वॉटचा हॅलोजन, थंड असताना क्षणभर दहापट करंट ओढणारा. गुन्हेगार सापडला म्हणून मी खूश.

मग स्विच फोडला. आतले कॉन्टॅक्ट जवळजवळ नवे! १२-१४ व्होल्टला ठिणगी तशी फार तग धरत नाही. चोर निघाला मागचा रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेली खीळ. तार खोचायची पत्ती ज्या रिव्हेटने बसवलेली असते, तो ढिला. पत्ती बोटाने हलत होती. उरलेले पाचही त्याच दिव्यावर लावून पत्ती ते पत्ती किती व्होल्ट वाया जातात ते मल्टिमीटरने मोजलं. एकावर ०.३५ व्होल्ट. साडेचार अँपिअरला दीड वॉट उष्णता, तीही सुपारीएवढ्या डबीत. तापलं की प्लॅस्टिक दबतं, रिव्हेट आणखी ढिला, आणखी ताप.

दिव्याचं एकवेळ सोडा. तो ०.३५ वाला इग्निशनचा होता. तिथे उलटा कारभार: ऑफ करतो तेव्हा स्विच तार अर्थला जोडतो. रिव्हेट सुटला तर ऑफ करूनही इग्निशन जिवंत, म्हणजे इंजिन अचानक चालू होऊ शकतं, आणि प्रोपेलरला हात लावून उभा मी. रिव्हेटवर इतकं का लिहितोय, कळलं असेल.

आता ४ जागी लष्करी मापदंडाचे सीलबंद टॉगल आहेत, १,१०० रुपयांना एक. मागे स्क्रू, त्यात रिंग लग (तारेच्या टोकाची गोल कडी) आवळायचा, रिव्हेटची भानगडच नाही. डीसीचे आकडे दिवा, मोटर, साधा लोड असे वेगवेगळे दिलेले. पॅनेलमागे जागा मात्र फार खातात. बायको म्हणाली, "आपल्या मिक्सरचा स्विच ९ वर्षं चालतोय, तोही लष्करी आहे का?"

रेडिओ आणि नकाशाच्या दिव्याला जुनेच ठेवलेत. तिथे करंट किरकोळ, आणि २,२०० रुपये म्हणजे २,२०० रुपये. महिन्यातून एकदा पत्ती हलवून बघतो.