शिवपुरीचा जॉर्ज कॅसल: डोंगरावरचे घर आणि त्याच्या भोवतीचा मुलूख

ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये पाहुणे आले की त्यांना जयविलास राजवाडा दाखवायचा, किल्ल्यावर न्यायचे आणि लष्कर नावाच्या भागातल्या शिंद्यांच्या छत्र्यांवरून, म्हणजे समाधिस्थानावर उभारलेल्या स्मारकमंदिरांवरून, फिरवून आणायचे, हा क्रम ठरलेला आहे. शिवपुरीला मात्र फार थोडे लोक जातात आणि जे जातात ते बहुधा सकाळी निघून रात्री परत येतात. आम्हीही आजवर तेच करत आलो होतो. या जानेवारीत पहिल्यांदाच दोन दिवसांचा मुक्काम ठेवून तिथला जॉर्ज कॅसल, त्याच्या खालचा तलाव, जंगल आणि छत्र्या हे सारे सावकाश पाहिले, आणि हे ठिकाण आपण इतकी वर्षे चुकीच्या रीतीने पाहत होतो अशी माझी खात्री झाली. तिथे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी माणसांना उपयोगी पडावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ग्वाल्हेरहून शिवपुरी सुमारे ११५ किलोमीटर आहे. जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने घाटीगाव, मोहना आणि सतनवाडा ही गावे घेत आम्ही अडीच तासांत पोहोचलो. बरोबर माझी ७९ वर्षांची आत्या होती. ती आजही शिवपुरीला जुन्या नावाने ‘सीपरी’च म्हणते. लहानपणी ती शिंदे सरकारने सुरू केलेल्या छोट्या रेल्वेने, म्हणजे दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीने, तिथे गेली होती. डबा इतका अरुंद असे की समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत, ही तिची आठवण सतनवाडा येईपर्यंत पुरली.

शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी होती. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातून सुटका हवी म्हणून दरबार इकडे हलत असे, आणि त्यासाठी बांधलेला गुलाबी रंगाचा माधवविलास राजवाडा आजही गावात उभा आहे. तो सरकारी संस्थेच्या वापरात असल्यामुळे प्रवाशांना बाहेरूनच पाहावा लागतो. आत जाऊन पाहता येईल असे घर म्हणजे माधव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात, समुद्रसपाटीपासून ४८४ मीटर उंचीच्या टेकाडावर बांधलेला जॉर्ज कॅसल.

या घराची कथा १९११ सालची आहे. त्या वर्षी डिसेंबरात दिल्ली दरबारासाठी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आले, आणि त्यांनी शिकारीसाठी इथे एखादी रात्र काढावी म्हणून हे घर उभारले गेले. राजे इथे मुक्कामाला आलेच नाहीत, असे स्थानिक लोक सांगतात. दरबारानंतर ते शिकारीसाठी नेपाळच्या तराईत गेले होते, एवढे मात्र इतिहासात नोंदलेले आहे. छापील माहितीत अनेक ठिकाणी हे घर जिवाजीरावांनी बांधले असे लिहिलेले आढळते, ते मात्र खटकते. जिवाजीरावांचा जन्म १९१६ सालचा आहे. १९११ मध्ये गादीवर होते ते माधवराव शिंदे, ज्यांची कारकीर्द १८८६ ते १९२५ अशी झाली. इंग्लंडच्या राजघराण्याशी त्यांचा इतका घरोबा होता की आपल्या मुलाच्या, म्हणजे याच जिवाजीरावांच्या, नावात त्यांनी जॉर्ज आणि मुलीच्या, म्हणजे कमलाराजांच्या, नावात मेरी हे नाव जोडले. या घराच्या नावाचा उलगडा त्यातूनच होतो. ग्वाल्हेरच्या माणसाने तरी पाहुण्यांना हे नीट सांगावे, असे मला मनापासून वाटते.

आता घराविषयी. जयविलासमधली प्रचंड झुंबरे आणि जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी डोळ्यांसमोर ठेवून इथे येणाऱ्याची निराशा होईल. जॉर्ज कॅसल लहान आहे, रिकामा आहे, आणि त्याचा थाट युरोपातल्या गढीसारखा आहे. केवळ खोल्या मोजायच्या तर दहा मिनिटांत सारे पाहून होते. पहिल्या दिवशी आमचेही तसेच झाले. भाड्याने घेतलेल्या जिप्सीच्या चालकाला वाघ दाखवण्याची घाई होती. त्याने आम्हाला घरासमोर उतरवले, घड्याळाकडे पाहिले आणि पंधरा मिनिटांत परत या म्हणून सांगितले. आत्याला गाडीतून उतरून पायऱ्यांपर्यंत जायलाच त्यातली पाच मिनिटे लागली. पैसे पूर्ण फेरीचे दिलेले असताना हा हिशेब मला अजिबात पटला नाही, आणि वाघही त्या दिवशी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी ठरवली आणि आधीच स्पष्ट बोलून घेतले: आम्हाला वाघाच्या मागे धावायचे नाही, घरापाशी तासभर थांबायचे आहे. या वेळचा चालक वयस्क होता. तो लगेच कबूल झाला, आणि त्या एका तासात हे घर आम्हाला कळले.

दुपार कलत आली होती. जाड भिंतींमुळे आत चांगलाच गारवा होता आणि बोललेला प्रत्येक शब्द रिकाम्या खोलीत किंचित घुमत होता. एका खिडकीच्या कोनाड्यात उभे राहिल्यावर समोर काय येते ते सांगते. आधी खिडकीच्या कमानीची काळसर कड, तिच्यापलीकडे उतरत गेलेले पानगळीचे राखी जंगल, आणि त्या उताराच्या तळाशी ऊन पडून पितळेच्या परातीसारखे चकाकणारे सख्यासागराचे पाणी. त्या पाण्यात मध्येच एक काळी रेघ हलताना दिसली. चालकाने दिलेल्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा ती बदकांची रांग निघाली. घर बांधणाऱ्याने जागा कशी हेरली असेल याचे कौतुक करत आम्ही उभे होतो, तेवढ्यात माझ्या मनात हिशेब आला की मनियर नदीवर बांध घालून हा तलाव तयार केला गेला तो १९१८ साली. म्हणजे राजासाठी घर सजवले तेव्हा या खिडकीतून पाणी दिसतच नव्हते. आज ज्या देखाव्यासाठी लोक या टेकाडावर चढतात, तो घराला सात वर्षांनी मिळाला. मला तर हे घर तेव्हाच पुरे झाले असे वाटते, आणि म्हणूनच ते तलावापासून वेगळे काढून पाहू नये.

तलावाला माधवरावांच्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव आहे. गावातले लोक त्याला चांदपाठा म्हणतात. २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, झाला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी हे त्याचे मोठे वैभव आहे. आम्हाला चक्रवाकाची जोडी आणि तलवारबदकांचा मोठा थवा अगदी नीट पाहता आला. काठावरचा पांढरा सेलिंग क्लब आणि पाण्याजवळचे जुने शूटिंग बॉक्स, म्हणजे शिकारीसाठी दबा धरून बसायची जागा, हीदेखील त्याच काळाची आठवण आहे. मगरी मात्र इथे खरोखरच पुष्कळ आहेत. एक मगर चिखलाच्या कडेला जबडा उघडा ठेवून इतकी निश्चल पडली होती की आत्या तिला बराच वेळ ओंडकाच समजत होती. मुलांना पाण्याच्या काठाजवळ मुळीच जाऊ देऊ नये, हे आवर्जून सांगते.

जंगलाविषयी सांगायचे तर हे कान्ह्यासारखे सालवृक्षांचे हिरवेगार रान नव्हे. ही खडकाळ जमिनीवरची पानगळ आहे: करधई, खैर, सालई, पळस. करधईचे झाड जानेवारीत अगदी वाळलेले दिसते, पण पावसाच्या आधी नुसती हवा दमट झाली तरी ते पालवते, असे चालकाने सांगितले. चितळ आणि नीलगाई सहज दिसतात. आम्हाला एक चिंकाराही दिसला. मार्च २०२३ मध्ये इथे वाघ पुन्हा आणून सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये या उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. राजाने वाघ मारावा म्हणून बांधलेल्या घराच्या अवतीभवती आता वाघ राखले जात आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. मात्र वाघ दिसेलच या हट्टाने जाऊ नये.

आणि छत्र्या. जॉर्ज कॅसलवरून परतताना संध्याकाळ छत्र्यांसाठी राखून ठेवावी, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. माधवराव १९२५ साली पॅरिसमध्ये वारले. त्यांची छत्री आई सख्याराजे यांच्या छत्रीच्या समोर आहे. मध्ये पाण्याचे कुंड, त्यावरून जाणारी वाट, भोवती बाग, आणि दोन टोकांना मायलेक एकमेकांकडे पाहत आहेत अशी ती रचना आहे. वास्तूत मंदिराचे शिखर आहे तसेच मोगली धाटणीचे सज्जे आणि कमानीही आहेत, आणि त्या एकत्र आल्या असूनही कुठे विजोड वाटत नाहीत.

माधवरावांच्या छत्रीचा संगमरवर जवळून पाहावा. आम्ही एकाच फुलापाशी बराच वेळ थांबलो. पांढऱ्या दगडात कोरून बसवलेल्या त्या फुलाची प्रत्येक पाकळी वेगळ्या रंगीत दगडाची होती आणि एकाच पाकळीत गडद छटेपासून फिक्या छटेपर्यंतचा फरक दगड निवडून साधलेला होता. निळ्या जागी लाजवर्द आहे. डोळ्यांना सांधा दिसतो, बोटाला मात्र लागत नाही. देठाची रेघ तर सुतासारखी बारीक आहे, आणि तीदेखील रंगवलेली नसून दगडाचीच आहे. आग्र्याला जाऊन हेच काम लोक गर्दीत धक्के खात पाहतात. इथे त्या संध्याकाळी आमच्याखेरीज सात-आठ माणसे होती.

सख्याराजांच्या मूर्तीला जिवंत व्यक्तीप्रमाणे वस्त्रे नेसवली जातात आणि तिची रोजची सेवा होते. लष्करातल्या छत्र्यांमध्ये ही रीत पाहिलेली असल्यामुळे आम्हाला ती नवी नव्हती. तरीही आत्याने मूर्तीसमोर पदर डोक्यावरून घेतला, वाकून नमस्कार केला आणि सासरी-माहेरी ऐकलेल्या सरकारवाड्याच्या दोन-तीन गोष्टी तिथेच, हळू आवाजात, मला सांगितल्या. या गोष्टी मी याआधी तिच्या तोंडून कधीही ऐकल्या नव्हत्या.

शिवपुरीत मराठी माणसाने आणखी एका ठिकाणी गेलेच पाहिजे. तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी इथेच फाशी दिली गेली. त्यांच्या स्मारकाला आम्ही सकाळी, गावात वर्दळ सुरू होण्यापूर्वी, फुले वाहिली. भदैया कुंड पाहिले, पण तिथला धबधबा पावसाळ्यात पाहण्याचा आहे. हिवाळ्यात त्यासाठी वाट वाकडी करू नये.

व्यवस्थेबद्दल थोडेसे. आम्ही उतरलो ती जागा स्वच्छ होती, खोल्यांत गरम पाणी होते, पण रात्रीचे जेवण सांगितल्यावर सव्वा तासाने आले, तेही थंड. वृद्ध माणसे बरोबर असतील तर जेवण दुपारीच सांगून ठेवावे. जंगलात शिरताना ओळखपत्र लागते, ते प्रत्येकाने जवळ ठेवावे. पावसाळ्याचे महिने सफारी बंद असते. उघड्या जिप्सीत जानेवारीची सकाळ फार बोचते, म्हणून कानटोपी आणि शाल विसरू नये. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी दुपारची फेरीच घ्यावी, कारण घराच्या खिडकीतून तलावावरचे ते ऊन दुपारनंतरच दिसते. गाडी ठरवताना जॉर्ज कॅसलपाशी किती वेळ थांबायचे हे पैसे देण्याआधी बोलून घ्यावे.

आम्ही होळीच्या आधी, पळस फुललेला असताना, पुन्हा जाणार आहोत. त्या वयस्क चालकाचा नंबर आत्याने स्वतःच्या वहीत लिहून घेतला आहे.