३७/१०० नंबरची कॅसेट

एका व्हिडिओ गेमच्या कॅसेटपायी चार हजार आठशे रुपये गेले. त्याचा त्रास करून घेणं मी थांबवलंय, पण विकणारा माणूस ती अजून विकतोय म्हणून लिहितो.

माझ्याकडे सेगा मेगा ड्राइव्ह आहे, टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन, १९९४ साली मामानं मस्कतहून आणलेला. पुढच्याच वर्षी शॉ वॉलेसनं (हो, तीच दारूवाली) तो भारतात विकायला काढला तेव्हा किंमत १८,००० होती. आमच्या घरात तो आकडा कुणी मोठ्यानं उच्चारलाही नसता. मशीन आजही ठणठणीत आहे. अशा जुन्या मशीनसाठी हौशी मंडळी अजून नवे गेम लिहितात, त्यांना होमब्रू म्हणतात. बऱ्याचदा एकटाच माणूस नोकरी सांभाळून रात्री बसतो. युरोपातल्या अशाच एकाच्या रेसिंग गेमचा व्हिडिओ पाहिला आणि मी येडा झालो.

मेगा ड्राइव्हच्या हार्डवेअरला चित्र लहान-मोठं करता येत नाही. समोरची गाडी जवळ येताना मोठी दिसायची तर तिची वेगवेगळ्या मापांची चित्रं आधीच काढून ठेवावी लागतात. रस्त्याचं वळण हीसुद्धा नजरबंदीच. रस्त्याची एकेक आडवी रेघ वेगळी मोजून डावी-उजवीकडे सरकवायची, तीही फ्रेमगणिक. प्रोसेसर जेमतेम साडेसात मेगाहर्ट्झचा, मुख्य मेमरी ६४ केबी. एवढ्यात कुणी रस्ता लोण्यासारखा पळवून दाखवला तर माझ्यासारख्याच्या डोळ्यांत पाणी येतं. गेमचं नाव देत नाही, कारण लिहिणाऱ्याचा यात काडीचा दोष नाही.

जुन्या मशीनवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच गेम विकायला आला. बॉक्स, रंगीत पुस्तिका, १२ ट्रॅक, चॅम्पियनशिप, सेव्हची सोय, फक्त १०० प्रती. फोटोत फुलाफुलांच्या प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर बॉक्स ठेवलेला, कोपऱ्यात सोनेरी शाईत ३७/१००. मी विचारलं, गेम बनवणारा स्वतः विकत नाही का? उत्तर आलं, "दादा, भारतासाठी मीच बघतो. त्यांना कुठे पार्सलची कटकट." हे मला पटलं. यूपीआयनं पैसे पाठवले.

कॅसेट आठवड्यात आली. बॉक्स सुरेख होता, खोटं कशाला बोलू. लावली, सुरू झाली, पण गेम व्हिडिओपेक्षा सुस्त वाटला. विकणारा म्हणाला, तुमचं मशीन पाल टीव्ही पद्धतीचं आहे, ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारं. आता हे खरंच आहे. ६० हर्ट्झसाठी लिहिलेला गेम त्यावर साधारण सहाव्या हिश्श्यानं मंदावतो. मी गप्प बसलो. सेव्ह होईना. तर म्हणाला, सेव्ह जपून ठेवणाऱ्या लिथियमच्या सेलला कुरिअरवाले त्रास देतात, म्हणून सेल काढून पाठवलाय, कुठेही बसवून घ्या. लिथियमबाबत नियम कडक असतात हे मलाही ठाऊक होतं. तीन ट्रॅक झाले की गेम पुन्हा सुरुवातीच्या पडद्यावर यायचा. त्यावर म्हणाला, "दादा, तिन्हीत पहिला नंबर काढा, मग पुढचे उघडतात. होमब्रू आहे, जरा अवघड असतो."

मी आणि पुतण्यानं पंधरा दिवस घासली ती कॅसेट. तिन्हीत पहिले आलो. परत सुरुवातीचाच पडदा.

तेव्हा कुठे पेचकस घेतला. आत सेल नव्हता, इथपर्यंत ठीक. पण सेल बसवायला जागाही नव्हती आणि सेव्हची मेमरी चिपही नव्हती. एकच फ्लॅश चिप, तिच्यावर २९एलव्हीनं सुरू होणारा नंबर. एलव्ही म्हणजे तीन व्होल्टच्या घरातली चिप, आणि मेगा ड्राइव्ह चालतो पाच व्होल्टवर. मध्ये व्होल्टेज उतरवणारा भाग लागतो, तो नव्हता. अशी स्वस्त कॅसेट चिप तर खातेच, मशीनलाही ताण देऊ शकते. तीस वर्षं जपलेल्या मशीनमध्ये मी ती रोज तासभर चालवत होतो.

मित्राकडच्या डंपरनं, म्हणजे कॅसेटमधला मजकूर कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या यंत्रानं, कॅसेट वाचून घेतली. बॉक्सवर '१६ मेगा' छापलंय, म्हणजे १६ मेगाबिट, २ मेगाबाइट. फाइल २ मेगाबाइटचीच निघाली, पण आत ५१२ केबीचा एकच तुकडा चारदा. मेगा ड्राइव्हच्या प्रत्येक रॉममध्ये, म्हणजे गेमच्या अशा फाइलमध्ये, सुरुवातीलाच हेक्स १०० या पत्त्यापासून ओळखपत्रासारखा मजकूर असतो, त्यात गेमचं नाव येतं. तिथं नावापुढे स्वच्छ 'डेमो' लिहिलेलं. सुरुवातीच्या पडद्यावरून त्या गड्यानं हा शब्द पुसला होता, इथून पुसायचा राहिला.

गेम लिहिणाऱ्याला मेल केला. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. तीन ट्रॅकचा डेमो तो फुकट देतो, चौथा अजून बनतोय, आणि भारतात त्याचा कुणी माणूस नाही. खाली विचारलं होतं, बॉक्सचा फोटो पाठवाल का, मी अजून बॉक्स बनवलेलाच नाही.

लहानपणी कॅसेटवर '९९९९ इन वन' छापलेलं असायचं आणि आत निघायचे मोजके पाच-सहा गेम, तेव्हा दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या. इथं मी त्याच्या वतीनं स्वतःलाच समजावत राहिलो, की एकट्या माणसाचं काम आहे, थोडं कमी-जास्त व्हायचंच. पैसे देण्याआधी मूळ लेखकाला ती दोन ओळींची मेल टाकली असती तर भागलं असतं. आतल्या बोर्डाचा फोटो मागितला असता तरी चाललं असतं.

त्यानं मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. पण पैसे देऊन महिना उलटला होता. तिथं फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या, खात्यातून पुढे सरकायच्या आत. ग्रुपवर लिहिलं तेव्हा नागपूरच्या एकानं आपल्या बॉक्सचा फोटो टाकला. त्याचाही नंबर ३७/१००.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तोच गेम दिसला. विकणाऱ्याचं नाव वेगळं, किंमत ५,५००. टेबलक्लॉथ तोच, फुलाफुलांचा. बॉक्सच्या कोपऱ्यावर मात्र या वेळी अंगठा ठेवलाय.