सात मीटरची रिळाची अँटेना: पोर्टेबल सेटला पुरते, टेबलावरच्या सेटला नाही

रिळात गुंडाळलेली ७ मीटर पातळ वायर, एका टोकाला ३.५ मिमीची पिन, दुसऱ्या टोकाला खिडकीत अडकवायची क्लिप. शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकणाऱ्यांना एवढी लांबी तोकडी वाटते, पण पोर्टेबल रेडिओ सेटला नेमकी पुरते ती हीच.

असे सेट आपल्या दांडीवरचा (सेटच्याच ओढून लांब करायच्या अँटेनावरचा) अशक्त सिग्नल धरूनच बनवलेले असतात. त्यांना २०-३० मीटर तार जोडली की जोरकस स्टेशनं आतल्या मिक्सरमध्ये (सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागात) एकमेकांत मिसळतात, आणि जिथे कुणीच प्रसारण करत नाही तिथेही बोलणं ऐकू येतं. शंका आली तर सेटवरचा स्विच 'डीएक्स'वरून (दूरची स्टेशनं) 'लोकल'वर (जवळची, जोरकस स्टेशनं) करा. सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर खाली आला, पण आवाज उलट स्वच्छ झाला, तर तार जास्त झाली आहे.

तार पुरेशी आहे का हेही असंच कळतं. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर थांबून पिन घाला. खरखर ठळक वाढली, म्हणजे बाहेरचा गोंगाट सेटच्या अंगच्या खरखरीवर चढला. त्यापुढे कितीही तार जोडा, स्टेशन आणि खरखर दोन्ही सारखीच वाढतात.

वायर पाव लहर, म्हणजे रेडिओलहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढी असली की सिग्नल सहज उतरतो. पाव लहर मीटरमध्ये म्हणजे ७५ भागिले मेगाहर्ट्झ. त्या हिशेबाने ७ मीटर सुमारे १०.७ मेगाहर्ट्झला जुळते, म्हणून ३१ आणि २५ मीटर बँडवर (बँडचं नाव तिथल्या लहरीच्या लांबीवरून) ही वायर सर्वात खुलते. ४९ मीटरवर आखूड पडते, पण तिथे मुळात गोंगाटच एवढा असतो की फारसं अडत नाही. १३ मीटर बँडवर मात्र ती अर्धी लहर होते, टोकाचा रोध हजारो ओहमांवर जातो आणि सिग्नल पिनेतून नीट उतरत नाही. तिथे वायर काढून दांडीवरच ऐकून पाहावं. अर्धी वायर रिळावर ठेवून लांबी कमी होते असं समजू नका, गुंडाळलेला भाग कॉइलसारखा वागतो.

कच्चा दुवा पिनेचा. वायर जिथे आत शिरते तिथेच वाकून वाकून तुटते आणि वरून अखंड दिसते. ऐकताना तिथे बोटाने हलवलं की कडकड आली, तर कापून नवी पिन डाख देऊन (सोल्डर करून) जोडा.

वायर विजेच्या वायरिंगला समांतर नेऊ नका, चार्जर आणि एलईडी दिव्यांपासून लांब ठेवा. ढग गडगडू लागले की पिन उपसा. स्थिर विजेच्या एका झटक्यानेही आतला एफईटी (सिग्नल वाढवणारा नाजूक ट्रान्झिस्टर) जातो.

५० ओहमच्या सॉकेटचा, चांगल्या फिल्टरांचा टेबलावरचा सेट असेल तर हे रीळ घेऊ नका. त्याला १५-२० मीटर उघडी तार, ९:१ ट्रान्सफॉर्मर (तारेचा जास्त रोध सॉकेटच्या ५० ओहमांशी जुळवणारा) आणि अर्थिंग द्या.