गोव्यात एएची मीटिंग: पहिल्या फोनपासून शेवटच्या चहापर्यंत

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना. सेवा म्हणून तोलायची तर आधी तिचा भाव सांगतो: शून्य. फी नाही, नोंदणी नाही, आधारकार्ड कुणी मागत नाही. मीटिंगमध्ये टोपली फिरते, तीत दहा-वीस रुपये टाकले तर टाकले. बाहेरच्यांची देणगी गट घेतच नाहीत. यायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालेली ही पद्धत टिकून आहे, कारण ती काम करते. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एएकडे नेणारे उपचार इतर रूढ उपचारांच्या तोडीस तोड किंवा सरस ठरले.

पण एए म्हणजे दवाखाना नव्हे, आणि सगळ्यांत धोक्याची चूक इथेच होते. सकाळी डोळे उघडताच पेला लागतो, अशा माणसाने घरीच एका झटक्यात दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास आणि भ्रम सुरू झाले तर ते जिवावर बेततं. अशा माणसाला आधी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा. फिट आली किंवा बरळणं सुरू झालं तर थेट १०८. मीटिंग त्यानंतर.

मीटिंग शोधायला एए इंडियाचं संकेतस्थळ पुरतं, पण यादीतल्या वेळेवर विसंबून निघू नका. गट जागा बदलतात, वार बदलतात, चवथीच्या दिवसांत तर हमखास विचारून घ्यावं. फोनवर एवढं विचारा: मीटिंग ओपन की क्लोज्ड? (ओपनला घरचं माणूस सोबत येऊ शकतं, क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी.) शेअरिंग कुठल्या भाषेत होतं? आत जायचं दार कुठलं? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण खोली बहुधा चॅपेलच्या किंवा शाळेच्या आवारात मागच्या बाजूला असते, मोठी पाटी नसते, आणि नवा माणूस पाच मिनिटं घुटमळून परत फिरतो. शक्य असेल तर फाटकाशी कुणीतरी उभं राहील असं ठरवून घ्या.

चॅपेल म्हटल्यावर डिचोली-सत्तरीकडची हिंदू मंडळी बिचकतात. धर्माशी काहीही संबंध नाही, जागा तेवढी वापरायला घेतलेली असते. दारूपासून दूर राहण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांत परमेश्वराचं नाव येतं, पण ‘आम्हांला उमजला तसा’ हे शब्द जोडून, नास्तिकही बसतात. कोकणी मीटिंगमध्ये मराठीत बोललं तर कुणाचं काही अडत नाही.

गोव्यातली खरी भीती वेगळी. गाव लहान, बाहेर लावलेली स्कूटरसुद्धा ओळखू येते. मग फोंड्याच्या माणसाने पणजी गाठावी, म्हापशाच्याने डिचोली. तिथेही ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. परतीची शेवटची बस मात्र आधी बघून ठेवा.

आत तास-दीड तास. चेअरपर्सन प्रास्ताविक वाचतो, मग एकेक जण ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणून तीन-पाच मिनिटं बोलतो. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. तुमची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरे. पिऊन आलात तरी हाकलत नाहीत, गप्प बसायला सांगतात.

खरा माल चहाच्या वेळी मिळतो. तेव्हा लगेच पळू नका, दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या. ते पिण्याआधी लावायचे असतात, प्यायल्यानंतर नव्हे. मार्च ते मे उर्राकाचे, म्हणजे काजूच्या दारूचे दिवस, जूनमधला सांजांवचा सण, लग्नसराई, थर्टीफर्स्ट: या काळात नंबर खिशात असणं मीटिंगइतकंच मोलाचं. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, पुढे हळूहळू निवडा, पुरुषाने पुरुष, बाईने बाई.

उणीवा आहेत. काही गटांत एकच जुना मेंबर अर्धी मीटिंग खातो. बायका कमी दिसतात, तेव्हा बाईने आधी विचारावं की अजून कोणी येतं का. कधी कुणी मानसोपचाराच्या गोळ्या बंद करायला सांगतो, तो सल्ला साफ चुकीचा. सभासदाने डॉक्टर बनू नये, हे एएच्याच साहित्यात लिहिलेलं आहे. म्हणून एका मीटिंगवरून निकाल देऊ नका, दोन-तीन वेगवेगळ्या गटांत मिळून सहा तरी करा.

नवरा यायला तयार नसेल तर बायकोने थांबू नये. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा वेगळ्या असतात, त्याच्या होकाराची तिथे गरज नसते. मध्यरात्री बोलायचं झालं तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलीमानस १४४१६, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.