आठ महिने, एक रडार आणि सात नंबरचं आयर्न: लाँच मॉनिटर वापरल्यानंतर

लाँच मॉनिटर म्हणजे गोल्फच्या फटक्याचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र. हे यंत्र म्हणजे बॉलच्या मागे जमिनीवर ठेवायचा, बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात मावणारा डॉप्लर रडार. लाखाच्या आतल्या वर्गातला, फोनच्या अ‍ॅपवर चालणारा. नोव्हेंबर ते जून, आठवड्यातून दोन सकाळी, पुण्यातल्या रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, त्याचा वापर झाला. वापरणाऱ्यांत हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) ४ पासून २८ पर्यंतचे हौशी खेळाडू होते, सत्तरीकडे झुकलेले ज्येष्ठ होते आणि नुकतीच सुरुवात केलेल्या महिलाही. प्रश्न एकच होता: कोणत्या आयर्नने (धातूच्या पात्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी; नंबर जितका कमी तितकं अंतर जास्त) बॉल हवेतून किती यार्ड जातो? उत्तर मिळालं, आणि चांगलं मिळालं. पण अ‍ॅप ज्या आकड्याला सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवतं, तो आकडा म्हणजे ते उत्तर नव्हे.

आधी कॅरीचं बोलू. बॉल हवेतून जिथे पडतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे कॅरी. पुढे घरंगळतो तो रोल. रोल मैदानावर अवलंबून असतो. एप्रिलमध्ये कडक झालेल्या फेअरवेवर (कोर्सवरच्या आखूड गवताच्या पट्ट्यावर) १५ यार्ड मिळेल, जुलैमध्ये बॉल पडल्या जागी रुतेल. म्हणून वहीत फक्त कॅरी लिहायची. अ‍ॅपमध्ये ‘टोटल’ दिसत असेल तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. तो रोल अ‍ॅपने गृहीत धरलेला असतो, मोजलेला नसतो.

आता मुख्य गोष्ट. साधारण २० हँडिकॅपच्या खेळाडूने ७ आयर्नने ११ बॉल मारले की आकडे साधारण असे येतात: ८८, ११२, १२१, १२४, १२७, १२९, १३१, १३३, १३४, १३६, १४१. हाच खेळाडू क्लबहाउसमध्ये ‘माझं सात नंबर १४०’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो, कारण १४० तो खरंच मारतो. फक्त अकरात एकदा. सरासरी काढली तर १२५ येते, कारण तो एक ८८ सगळ्यांना खाली ओढतो. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे सहावा, घेतला तर १२९ मिळतो. क्लब निवडायला हाच बरा. आणि समोर बंकर (वाळूचा खड्डा) किंवा पाणी असेल, तर खालून तिसरा आकडा धरायचा: १२१. त्याच्या खाली अकरातले फक्त दोनच गेलेत. १४० आणि १२१ यांच्यात १९ यार्डांचा फरक आहे, म्हणजे जवळपास दोन क्लबचा (एका नंबरमागे साधारण १० यार्ड).

पुढारलेला आणि मागे असलेला खेळाडू यांच्यातला खरा फरकही इथेच दिसतो. २० हँडिकॅपवाल्याचा सर्वोत्तम शॉट आणि ८ हँडिकॅपवाल्याचा रोजचा शॉट यांत कित्येकदा अंतर उरतच नाही. फरक असतो तो खालच्या एक-तृतीयांश शॉटमध्ये. एक आकडी हँडिकॅपच्या खेळाडूचे ११ पैकी ९ बॉल १० यार्डांच्या पट्ट्यात पडतात. २० च्या वरच्या खेळाडूचा पट्टा ३० ते ४० यार्डांचा असतो. म्हणून हौशी खेळाडूने ‘जास्तीत जास्त किती’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘चुकला तर किती’ हा प्रश्न यंत्राला विचारावा.

हँडिकॅपपेक्षाही अंतर ठरवतो तो क्लबहेडचा वेग. ७ आयर्नचा वेग ताशी ६० मैल असेल तर कॅरी ९० ते १०० यार्ड, ७० मैलांना ११५ ते १२०, ८० मैलांना १३५ ते १४२, आणि ८५ च्या पुढे १५०. ही हौशी फटक्याची, थोडी चूक धरलेली अंतरं आहेत. तुलनेसाठी ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटरच्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या व्यावसायिक टूरच्या जुन्या सरासऱ्या पाहा. पुरुषांच्या पीजीए टूरवर ७ आयर्नचा क्लब वेग ९०, बॉल वेग १२०, कॅरी १७२. महिलांच्या एलपीजीए टूरवर क्लब वेग ७६, बॉल वेग १०४, कॅरी १४१. या दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. ताशी ७६ मैल हा वेग आपल्याकडच्या कितीतरी पन्नाशीतल्या पुरुषांचाही असतो, पण त्यांची कॅरी १२५ च्या आसपास घुटमळते. वेग तोच असून १५ यार्ड कुठे जातात? बॉल क्लबच्या मधोमध लागत नाही आणि हात पुढे येण्याऐवजी मनगट उलगडून क्लबचा लॉफ्ट (तोंड मागे झुकल्याचा कोन; तो जास्त तितका बॉल वर आणि कमी लांब) वाढतो. ताकद वाढवायला जिमला जाण्याआधी हे १५ यार्ड परत मिळवायचे असतात.

त्यासाठी अ‍ॅपमधला कामाचा आकडा म्हणजे स्मॅश फॅक्टर, म्हणजे बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग. पीजीए टूरवर ७ आयर्नला तो १.३३ येतो. १.२० ते १.२५ दिसत असेल तर बॉल क्लबच्या टोकाला, टाचेला (दांड्याजवळ) किंवा खालच्या कडेला लागतोय. नेमका कुठे, हे रडार सांगत नाही. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा ठिपका काढा आणि तो भाग क्लबकडे करून मारा, ठिपका क्लबच्या तोंडावर उमटतो. कापडाने पुसा, पुढचा मारा. २० रुपयांचा मार्कर आणि रडार एकत्र वापरले की दोन आठवड्यांत जे कळतं, ते नुसत्या रडारने सहा महिन्यांतही कळत नाही. टूरच्या त्या दोन ओळींवरून हिशेब केला तर बॉलच्या वेगात ताशी एक मैल वाढला की साधारण दोन यार्ड कॅरी वाढते. स्मॅश १.२५ वरून १.३० वर आला तर ७६ च्या वेगाला जवळपास ४ मैल, म्हणजे ७ ते ८ यार्ड फुकटात.

दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर आधी क्लबचा लॉफ्ट विचारा. ‘सात नंबर’ हे नाव आहे, माप नाही. टायटलिस्ट कंपनीच्या टी१०० चं ७ आयर्न ३४ अंशांचं, पिंग कंपनीच्या जी४३० चं २९ अंशांचं. पाच अंश म्हणजे जवळपास दीड क्लब. जी४३० चं ७ मारणारा आणि टी१०० चं ७ मारणारा शेजारी उभे राहिले की पहिला १२ ते १५ यार्ड पुढे जाणारच, त्यात त्याचं कौतुक नाही आणि दुसऱ्याची कमतरताही नाही. वहीत क्लबच्या नंबरशेजारी लॉफ्टचे अंश लिहा.

सगळ्यात उपयोगी निष्कर्ष लांब आयर्नबद्दल निघाला. ताकदीच्या खेळाडूला दर क्लबमागे १० ते १२ यार्डांचा फरक मिळतो: पिचिंग वेज (९ पेक्षा कमी अंतराचा क्लब), ९, ८, ७, ६ असे व्यवस्थित जिने. पण ७ आयर्नचा वेग ७० च्या खाली असेल तर हे जिने ६ आयर्नपाशी संपतात. ६ आणि ५ मध्ये तीन-चार यार्ड, कधी ५ आयर्न उलट मागे पडतं. कारण सरळ आहे: लॉफ्ट कमी, वेग कमी, त्यामुळे बॉल पुरेसा वर चढत नाही, स्पिन (बॉलची फिरकी) पुरत नाही आणि तो लवकर खाली येतो. शिवाय सपाट कोनात उतरल्यामुळे ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) थांबतही नाही. नियमाप्रमाणे बॅगेत १४ च क्लब ठेवता येतात, आणि त्यातले दोन अशा खेळाडूंच्या बॅगेत नुसतं वजन म्हणून फिरत असतात. ज्येष्ठांनी आणि सुरुवातीच्या महिला खेळाडूंनी ४ आणि ५ आयर्न काढून तिथे हायब्रिड किंवा ७ वुड (लांब मारायचे, पण बॉल सहज वर चढवणारे क्लब) ठेवावं. पण आधी मोजून बघा: दोन क्लबांच्या मधल्या (अकरातल्या सहाव्या) आकड्यांत ७ यार्डांपेक्षा कमी फरक असेल तर त्यातला एक काढायला हरकत नाही.

आता यंत्र लावण्याबद्दल, कारण चुकीचे आकडे बहुतेक वेळा इथूनच येतात. बॉलच्या मागे साधारण दोन मीटर, निशाणाच्या अगदी रेषेत. रेषा डोळ्याने धरली तर चार-पाच अंश सहज चुकतात, मग सरळ गेलेला शॉट अ‍ॅपमध्ये उजवीकडे दिसतो आणि माणूस नसलेला स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) दुरुस्त करायला लागतो. दोन अलाइनमेंट स्टिक (दिशा लावायच्या सरळ काठ्या) ठेवा, एक बॉलपासून निशाणाकडे आणि दुसरी तिच्याच रेषेत मागे यंत्राकडे. दुसरी चूक उंचीची. मॅट जमिनीपेक्षा इंचभर वर असते. यंत्र खाली जमिनीवर ठेवलं तर लाँच अँगल (बॉल वर निघण्याचा कोन) बिघडतो. यंत्राखाली मॅटइतक्याच जाडीचा रबराचा तुकडा ठेवायचा.

शेजारच्या बेमध्ये (फटका मारायच्या कप्प्यात) कोणी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारत असेल तर त्याचा शॉट कधीकधी आपल्या यादीत घुसतो. ७ आयर्नच्या रांगेत २०५ यार्ड दिसलं की खूश न होता ते खोडून टाका. जाळीत मारताना बॉलला उडायला निदान अडीच मीटर मोकळी जागा हवी. त्यापेक्षा कमी असेल तर स्पिन आणि कॅरी हे दोन्ही अंदाजच असतात. बंदिस्त बेमध्ये समोर फिरणारा पंखा असेल तर तोही रडारला हालचाल म्हणून दिसतो, बंद करा. मार्चनंतर फोन उन्हात ठेवला की तापून अ‍ॅप बंद पडतं. फोन बॅगेच्या सावलीत, स्क्रीन आत करून ठेवावा.

रेंजच्या बॉलबद्दल सगळ्यांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. कडक, दोन थरांचे, खळगे झिजलेले बॉल चांगल्या बॉलपेक्षा ५ ते १० टक्के कमी जातात, आणि प्रत्येक बॉल वेगळा. त्यामुळे रेंजच्या बॉलवर क्लबांमधला फरक मोजावा, अंतिम अंतर नाही. अंतिम अंतरासाठी आपण कोर्सवर वापरतो तेच १०-१२ बॉल सोबत न्या आणि रेंजच्या गवताच्या टोकाला किंवा सरावाच्या होलवर परवानगीने मारून स्वतः गोळा करा. वेळखाऊ आहे, पण वर्षातून दोनदा पुरतं.

मॅटचा धोका त्याहून मोठा. बॉलच्या इंचभर मागे क्लब आपटला तर गवतावर माती उचलली जाते आणि १३० च्या जागी १०० येतात. मॅटवर क्लब घसरून बॉलला लागतो आणि अ‍ॅप १२६ दाखवतं. रडारला यातलं काही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने फटका ठीकच बसलेला असतो. आवाज ऐका: आधी धप्प आणि मग टक् झालं तर तो शॉट वहीत घेऊ नका. ही एक सवय लावली नाही तर वहीतले आकडे आणि कोर्सवरचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

हवामानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा नियमित निघाला. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांवर तोच वेग, तोच क्लब असेल तरी ७ आयर्नला ४-५ यार्डांचा फरक पडतो. थंड हवा दाट असते. उंचीचंही तसंच: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणून खारघर किंवा चेंबूरच्या कोर्सपेक्षा जवळपास २ टक्के जास्त, १४० ला ३ यार्ड. उटीला २२०० मीटरवर हाच फरक ८ टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे पूर्ण एक क्लब. मुंबईच्या दमट हवेमुळे बॉल कमी जातो असं सर्रास म्हणतात, ते बरोबर नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. पावसाळ्यात बॉल कमी जातो तो मुख्यतः रोल न मिळाल्यामुळे.

मोजणीचा दिवस असा ठेवा. १५-२० बॉल अंग मोकळं करायला. मग वेज, ७, ५ असे क्लब बदलत, प्रत्येकाचे तीन-तीन बॉल, चार फेऱ्या. एकाच क्लबने सलग १२ मारले की हात त्या लयीत बसतो आणि आकडे कोर्सपेक्षा चांगले येतात. कोर्सवर तर एक क्लब एकदाच मारायचा असतो. ८० बॉलच्या पुढे थकवा दिसतो, स्मॅश उतरतो, तिथे थांबा. उरलेले क्लब पुढच्या सकाळी.

आपल्याकडच्या कॅडींबद्दलही, म्हणजे खेळाडूची बॅग सांभाळणाऱ्या मदतनिसांबद्दलही, लिहायला हवं. खेळाडू सात नंबरला हात घालतो आणि कॅडी म्हणतो, ‘साहेब, सहा घ्या.’ वही भरत गेली तसं दिसलं की कॅडीचा अंदाज त्या खालून तिसऱ्या आकड्याच्या फार जवळचा असतो. त्याने तुमचे चुकलेले शॉटही तितक्याच लक्षपूर्वक पाहिलेले असतात.

विकत घ्यावं का? महिन्यातून एकदा खेळणाऱ्याने नको. त्याने आधी लेझर रेंजफाइंडर घ्यावा, कारण समोरचं अंतर माहीत नसेल तर आपलं अंतर माहीत असून उपयोग नाही. आठवड्याला दोनदा सराव करणाऱ्या चौघांनी मिळून एक घेतला तर पैसे वसूल होतात. इनडोअर सिम्युलेटरसाठी मात्र हा वर्ग निराश करेल: छोट्या खोलीत स्पिनचा आकडा दोन लागोपाठच्या शॉटमध्ये मिनिटाला हजारभर फेऱ्यांनी उडी मारतो. ती गरज असेल तर बॉलच्या शेजारी ठेवायचा कॅमेऱ्याचा मॉनिटर बघा, महाग असला तरी.

बॅगेच्या आतल्या बाजूला आता एक पट्टी चिकटवलेली असते. त्यावर प्रत्येक क्लबसमोर दोनच आकडे: मधला आणि खालून तिसरा. ऑक्टोबरमध्ये जमीन सुकली की फक्त ७ आयर्न आणि पिचिंग वेज पुन्हा मोजायचे. ते दोन जुळले तर बाकीची पट्टी तशीच ठेवायची.